दिवसा रिकामं, रात्री भरलेलं

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

काल पहाटे ब्रेकमध्ये पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. मागे कुठलातरी मॉनिटर पीं पीं करत होता आणि तू दबक्या आवाजात विचारत होतीस, "मामा, दिवसा मी पिस्तुलाचं चेंबर, नळीतलं ते गोळीचं घर, रिकामं ठेवते, आणि रात्रपाळी संपली की गाडीत बसून गोळी चढवते. बरोबर आहे ना?"

नाही, बरोबर नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस, मीही भलतीकडे वाहवत जातो आणि शेवटी आपण तुझ्या आईच्या गुडघ्यांवर येऊन थांबतो. म्हणून लिहितो आहे.

पिस्तूल घ्यावं की नाही, हा वाद मी उकरून काढत नाही. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तू थांबलीस. टेक्ससमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून बहुतेकांना परवान्याशिवाय बाळगता येतं, तरी तू वर्गात बसून परवाना काढलास. कशासाठी घेतलंस तेही मला विचारायचं नाही. 2017 च्या फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या ओलेथला, संध्याकाळी मित्राबरोबर बसलेल्या हैदराबादच्या इंजिनिअरला गोळी घातली गेली, त्या आठवड्यात आपल्या किती घरांतून नवरे-बायका रात्री उशिरापर्यंत जागत बसले होते ते मी पाहिलंय. तू एकटी राहतेस, रात्री-बेरात्री गाडी चालवतेस. घेतलंस, ठीक आहे.

पण आता ते तुझ्याजवळ आहे, तर एक गोष्ट ऐक. भरलेलं ठेव किंवा रिकामं ठेव, दोन्हींबद्दल पुढे बोलतोच. आधी हे: जे ठरवशील ते एकच ठेव. सोमवारी जे, तेच रविवारी. पार्किंगमध्ये जे, तेच डीमार्टसारख्या गर्दीच्या दुकानात. तुझं पिस्तूल आत्ता कुठल्या अवस्थेत आहे हे तुला आठवावं लागता कामा नये. ज्याला आठवावं लागतं, तो एक दिवस चुकीचं आठवतो.

हातात घेतल्याशिवाय अवस्था बदलता येत नाही, आणि गोळी सुटते ती हातात असतानाच. कडक होल्स्टरमध्ये, म्हणजे म्यानात, चाप पूर्ण झाकलेलं पिस्तूल कमरेला दिवसभर बसलेलं असतं तेव्हा ते काहीही करत नाही. माणूस ते बाहेर काढतो, मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढतो, वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाईड, ओढतो, गोळी हातात झेलतो, परत घालतो. बहुतेक भानगडी याच मिनिटभरात होतात. तू हे मिनिट दिवसातून दोनदा स्वतःवर ओढवून घेते आहेस, आणि तेही कधी? बारा तास उभं राहून, चार पेशंटची औषधं, एकाचे नातेवाईक आणि डॉक्टरांची बोलणी झेलून, सकाळी घरी परतल्यावर. त्या वेळी तू मला फोन करतेस तेव्हा वाक्यं अर्धी सोडतेस. आणि त्याच डोक्याने तू पिस्तूल रिकामं करतेस.

रिकामं करण्याचा क्रम तुला माहीत आहे. आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाईड ओढायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. थकलेला माणूस हाच क्रम उलटा करतो. आधी स्लाईड ओढतो. चेंबरमधली गोळी टुणकन बाहेर उडते, ती बघून त्याला बरं वाटतं. पण मॅगझीन अजून आतच असतं, त्यामुळे स्लाईड पुढे जाताना तिने दुसरी गोळी चेंबरमध्ये ढकललेली असते. मग तो मॅगझीन काढतो. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात मॅगझीन; म्हणजे रिकामं झालं. आणि तुझं ग्लॉक कंपनीचं पिस्तूल साफ करायला उघडायचं तर चाप ओढावा लागतो. पुढचं मी लिहायला नको.

लिहितोच. तू मला ओळखतेस.

आमच्या दुकानात पूर्वी एक भागीदार होता. माणूस सज्जन, हिशेबाला चोख. बँकेत रोकड भरायला निघाला की काउंटरमागे उभा राहून गोळी चढवायचा. परत आला की तिथेच उतरवायचा. त्याचं म्हणणं तुझ्यासारखंच होतं: धोका असेल तेव्हा भरलेलं, नसेल तेव्हा रिकामं. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! एका दुपारी तो बँकेतून आला, त्याच वेळी डिझेलच्या पंपाची कटकट सुरू झाली, फोन वाजत होता, आणि काउंटरपलीकडे एक म्हातारी लॉटरीचं स्क्रॅच तिकीट नाण्याने खरवडत उभी होती. त्याने वर सांगितलं तसंच केलं, उलट्या क्रमाने. मग खात्री करायला चाप ओढला. काउंटरच्या प्लायवूडला करंगळीएवढं भोक पडलं. आतल्या बाजूला मात्र प्लाय तळहाताएवढा फुटून त्याच्या चिरफळ्या लोंबत होत्या. गोळी सिगारेटच्या दोन कार्टनमधून आइस्क्रीमच्या फ्रीजरमध्ये शिरली आणि फ्रीजरमधून गॅसचा फुस्स आवाज यायला लागला. म्हातारी तिकीट हातात धरून तशीच उभी. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. आणि भागीदार पांढराफटक पडून एकच म्हणत होता, "रिकामं होतं, रिकामं होतं."

सगळे हेच म्हणतात. 2004 मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत एका केंद्रीय अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्याने मुलांसमोर शस्त्रसुरक्षेवर बोलता बोलता स्वतःच्याच पायात गोळी घातली. प्रशिक्षित माणूस. त्याच्याही डोक्यात पिस्तूल रिकामंच होतं.

आणखी एक गोष्ट आहे, तुझ्या वर्गात सांगितली नसेल तर आता ऐक. तू रोज तीच गोळी चढवतेस ना? सकाळी काढतेस, मॅगझीनच्या टोकाला परत घालतेस, पुढची पाळी संपली की तीच पुन्हा आत. प्रत्येक वेळी स्लाईड तिला चेंबरच्या उतारावर आपटते. असं वारंवार झालं की पुढचा शिशाचा भाग पितळी नळकांड्यात थोडा थोडा आत सरकतो. आतली जागा कमी होते आणि उडताना दाब वाढतो, कधी कधी पिस्तुलाला झेपणार नाही इतका. खोकं उघड, त्यातलं एक नवं काडतूस काढ आणि तुझ्या रोजच्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं कर. डोळे टेबलाच्या पातळीवर आण. तुझं बुटकं दिसलं तर ते पुन्हा चेंबरमध्ये जाता कामा नये. ते वेगळं ठेव आणि नेमबाजीच्या रेंजवरच्या माणसाकडे दे. रोज चढव-उतर करणाऱ्याला ही डोकेदुखी कायमची. एकच अवस्था ठेवणाऱ्याला नाही.

आता जरा चिडून लिहितो, राग मानू नकोस. तू म्हणालीस, हॉस्पिटलच्या दारापासून पार्किंगच्या चौथ्या मजल्यापर्यंत चालताना तुला भीती वाटते, त्यासाठी हे सगळं. अगं, पण हॉस्पिटलात पिस्तूल नेता येत नाही. ते गाडीत, सीटखालच्या पेटीत असतं. म्हणजे ज्या दहा मिनिटांसाठी तू हा उपद्व्याप करतेस त्या दहा मिनिटांत ते तुझ्याजवळ नसतंच! तू निःशस्त्र चालत गाडीपर्यंत पोहोचतेस, दार लावून घेतेस, आणि मग धोका टळल्यावर दिव्याच्या उजेडात मान खाली घालून गोळी चढवत बसतेस. त्या वेळी तुझ्या काचेशी कोण येऊन उभं आहे ते तुला दिसणारही नाही. त्या चालण्यासाठी हॉस्पिटलच्या सिक्युरिटीला फोन कर. गाडीपर्यंत सोडायला माणूस येतो, तेच त्याचं काम आहे. लाज वाटते म्हणालीस. पिस्तूल बाळगायला लाज वाटली नाही, आणि फोन करायला वाटते?

गाडीत ठेवणं कायद्यात बसतं. 2011 पासून टेक्ससमध्ये बहुतेक मालकांना कर्मचाऱ्याच्या कुलूपबंद गाडीतल्या वैध शस्त्रावर बंदी घालता येत नाही. पण ते पिस्तूल पेटीत होल्स्टरसकट गेलं पाहिजे. होल्स्टरमधून पिस्तूल उपसायचं नाही. कमरेवरून होल्स्टरच सोडवायचं, पिस्तूल त्यातच, चाप झाकलेलाच, आणि अख्खं पेटीत. पेटीची तार सीटच्या लोखंडी सांगाड्याला गुंडाळलेली. परत येताना अख्खंच कमरेला. म्हणजे दिवसभरात बोट चापाच्या आसपासही फिरकत नाही आणि आतली अवस्था बदलायचा प्रश्नच येत नाही. शाळा, लाल अक्षरांत 51 टक्के लिहिलेली, म्हणजे दारूवरच मुख्य कमाई असल्याची, पाटी लावलेले बार, सगळीकडे हाच नियम.

तुझी खरी अडचण मला कळते. स्क्रबला, तुमच्या हॉस्पिटलच्या गणवेशाला, पट्टा नसतो, नाडी असते, आणि नाडीवर होल्स्टर टिकत नाही. म्हणून तू ते पर्समध्ये टाकायला लागलीस. 30 डिसेंबर 2014 ला आयडाहोतल्या हेडन गावी, वॉलमार्टमध्ये, एक तरुण आई मुलांना घेऊन खरेदी करत होती. पिस्तूल पर्समध्ये, तेही खास शस्त्रासाठी शिवलेल्या कप्प्याच्या पर्समध्ये. नाताळची भेट मिळालेली. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने चेन उघडून हात घातला. आई जागीच गेली. परवाना होता, शस्त्रांची सवय होती, मायेची कमतरता नव्हती. पर्स अंगापासून वीतभर दूर होती, बस. तुझ्या ताईचा लेक आता तीन वर्षांचा आहे, आणि तुझ्या घरी आल्या आल्या आधी तुझी पर्स उपसतो, चॉकलेटसाठी. मी स्वतः पाहिलंय. तेव्हा पर्स बंद. आजपासून. यावर चर्चा नाही.

नाडीतही खोचायचं नाही. प्लॅक्सिको बरेस नावाचा मोठा फुटबॉलपटू, इथला फुटबॉल म्हणजे हातातला, 2008 च्या नोव्हेंबरात मॅनहॅटनच्या नाइटक्लबमध्ये गेला. ट्रॅक पँटच्या इलॅस्टिकमध्ये ग्लॉक, होल्स्टर नाही. ते पायातून खाली घसरायला लागलं, त्याने झटकन पकडायला हात घातला आणि बोट नेमकं चापावर गेलं. गोळी स्वतःच्याच मांडीत, आणि वर परवान्याशिवाय भरलेलं शस्त्र बाळगल्याबद्दल दोन वर्षांची शिक्षा. कपड्यांच्या आतून कमरेला बांधायचा वेगळा पट्टा मिळतो, त्यावर कायडेक्स नावाच्या प्लास्टिकचं कडक होल्स्टर बसतं. वर स्क्रब घाल नाहीतर गणपतीला साडी नेस, त्याला काही फरक पडत नाही. मऊ कापडाची पिशवी नको. बाहेरून अंगठ्याने दाबलं आणि चाप जाणवला, तर ते होल्स्टर नव्हे.

आता तुझा मूळ प्रश्न.

भरलेलं ठेवावं असं म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी तुला प्रामाणिकपणे सांगतो, कारण ते बहुतांशी बरोबर आहे. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसात डेनिस ट्युलर नावाचा सार्जंट होता. त्याने माणसं धाववून पाहिली आणि 1983 मध्ये लिहून ठेवलं की 21 फूट अंतर साधारण माणूस दीड सेकंदात कापतो. दीड सेकंदात कपडा वर करून पिस्तूल काढणंच नाकी नऊ आणतं. त्यात स्लाईड ओढायची म्हटलं की दुसरा हात मोकळा हवा. तो मोकळा असेल कशावरून? त्यात डब्याची पिशवी असेल, त्याने तू दार धरलेलं असेल, किंवा समोरच्याचा हात अडवलेला असेल. रेंजवर निवांत उभं राहून स्लाईड ओढणं वेगळं. घामेजल्या बोटांनी अर्धवट ओढली तर गोळी वाकडी अडकते आणि मग ते पिस्तूल कशाचंच राहत नाही.

आणि तुझं तर छोटं ग्लॉक 43एक्स आहे. छोट्या पिस्तुलाची स्लाईड मोठ्यापेक्षा कडक लागते. रेंजवर तुला ती ओढताना मी बघितलंय. चिमटीत धरतेस, चेहरा वाकडा करतेस, आणि दर दोन-चार वेळांमागे एकदा हात निसटतो. तळवा वरून टाकून, मूठ आवळून, पिस्तूलच पुढे ढकलायचं असतं हे सांगून माझा घसा सुकला.

उलट बाजूने, त्या यंत्राला घाबरण्यासारखं फारसं नाही. ग्लॉकमध्ये चापाच्या पात्यात एक खटका, आत फायरिंग पिन अडवणारा दुसरा, पडल्यावर सुटू नये म्हणून तिसरा. चाप साधारण अडीच किलोच्या जोराने मागे ओढल्याशिवाय तिन्ही हटत नाहीत. तुझ्या आईने तुला गोविंदाची बातमी पाठवली होती ना, 1 ऑक्टोबर 2024 ची? पहाटे जुहूच्या घरी, कलकत्त्याला निघायच्या गडबडीत परवान्याचं रिव्हॉल्वर हातातून पडलं आणि पायाला गोळी लागली. तिला सांग, ते तुझ्या पिस्तुलापेक्षा वेगळ्या जातीचं हत्यार. हे मात्र तिला सांगू नकोस, की यंत्र म्हटलं की अपवाद आलाच: सिग कंपनीचं पी320 पिस्तूल ठरावीक कोनात पडलं तर गोळी सुटू शकते असं दिसल्यावर 2017 च्या ऑगस्टमध्ये कंपनीला मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली होती. पण बघ, गोविंदाच्या बाबतीतही वेळ कुठली? पहाट, प्रवासाची घाई, शस्त्राची हलवाहलव. कमरेला स्वस्थ बसलेलं असताना नव्हे.

जुन्या काळी 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्वरमध्ये सहा घरांत पाचच गोळ्या भरायचे जाणते लोक. घोडा, म्हणजे मागची हातोडी, ज्या घरावर टेकतो ते घर रिकामं. कारण घोड्याची अणी थेट काडतुसाच्या बुडावर टेकायची, वरून टोला बसला की धडाम. आताच्या बनावटीत ती गरज उरली नाही. पण त्या लोकांचं मला काय आवडतं सांगू? पाच म्हणजे पाच. कधी पाच, कधी सहा असं नाही.

आता तू विचारशील, मामा, तुम्ही कसं बाळगता?

मी रिकामं बाळगतो. मॅगझीन भरलेलं, चेंबर रिकामं. सुरुवातीपासून. रेंजवरची पोरं मला हसतात. "अंकल, कमरेला वीट घेऊन फिरताय," म्हणतात. म्हणू देत. 1920 च्या दशकात शांघायच्या पोलिसांना फेअरबेर्न नावाच्या अधिकाऱ्याने असंच बाळगायला लावलं होतं: पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका पिन मारून कायमचा निकामी केलेला, चेंबर रिकामं, आणि काढता काढता एकाच झटक्यात स्लाईड ओढायची. आणि शांघाय तेव्हा काही पापभीरू शहर नव्हतं. नंतर इस्रायलमध्ये ही रीत इतकी रुजली की आज तिला त्यांचंच नाव आहे. ती पोरं म्हणतात, अंकल, ते रोज सराव करायचे. मी पण करतो. दुकान बंद झालं की शटर ओढून, गोळ्या आतल्या खोलीत ठेवून, नकली काडतुसं घालून. माझा डावा हात अजून ठणठणीत आहे.

खरं कारण शांघाय नव्हे, तुला माहीत आहे. दुकानात दरोडा पडला त्यानंतर मी पिस्तूल घेऊन आलो, तेव्हा तुझ्या मामीने एवढंच विचारलं, "भरलेलं असतं का हे?" मी म्हटलं, नळीत गोळी नसते. ती म्हणाली, मग तसंच ठेवा. आमचं बोलणं एवढंच. त्यानंतर तिने कधी विषय काढला नाही, पण मी कमरेचा पट्टा सोडायला लागलो की ती स्वयंपाकघरात निघून जायची. या पिस्तुलाने मला काय दिलं याचा हिशेब लावायला बसलो तर जमेच्या बाजूला लिहायला फारसं काही सापडत नाही. तिची तेवढी झोप मात्र त्यात गेली. आता ती नाही. रेंजवरचा कुठलाही शहाणा माणूस म्हणेल, आता तरी भर. नाही भरणार. मी शब्द दिलाय, आणि शब्द दिल्यामुळे का होईना, इतकी वर्षं माझ्या पिस्तुलाची अवस्था कधी बदललेली नाही. झोपेतून उठवून विचार, मी सांगेन. त्या पोरांपैकी निम्म्यांना विचार, "आत्ता चेंबरमध्ये आहे का?" हात कमरेकडे जातो बघायला! मग हसायचं कुणी कुणाला?

असो. हे माझं झालं. माझं तू उचलू नकोस, एवढ्यासाठीच सांगितलं. मी दिवसभर काउंटरमागे बसतो, समोर काच आहे, दोन्ही हात मोकळे आहेत, गुडघ्याशी नातवंडं खेळतात. तुझ्या हातात पिशवी असते, तुझी स्लाईड निसटते, तुझ्या घरात रोज राहणारं मूल नाही. तुझ्यासाठी माझं मत उलटं आहे: भरलेलं, कडक होल्स्टरमध्ये, कमरेला; आणि भाचा यायचा असेल तेव्हा होल्स्टरसकट तिजोरीत, कुलूप लावून, किल्ली तुझ्या गळ्यात. हे पेलवत नसेल तर पिस्तूल सरळ घरच्या तिजोरीत ठेव आणि मिरचीचा स्प्रे घेऊन फीर. त्यात कमीपणा नाही. पण "आज भरते, उद्या बघू" हे नाही. तिसरा पर्याय मी तुला देतच नाही.

लगेच मात्र नको. तुझ्या परवान्याच्या परीक्षेत काय होतं? 3, 7 आणि 15 यार्डांवर मिळून 50 गोळ्या, 250 पैकी 175 गुण. होल्स्टरमधून पिस्तूल काढायला कुणी सांगितलं नव्हतं, परत ठेवायला तर नाहीच. तेव्हा आधी घरी हे कर. गोळ्या दुसऱ्या खोलीत, कपाटबंद. पिस्तूल पूर्ण रिकामं कर, बघ, चाचप, पुन्हा बघ. स्लाईड ओढून सोड म्हणजे चाप पुढे येऊन उभा राहील. तसंच होल्स्टरमध्ये घालून कमरेला बांध आणि घरातली सगळी कामं कर. केर काढ, वाक, सोफ्यावर लोळ, कपडे वाळत घाल. रात्री काढून बघ. चाप अजून पुढेच उभा असेल, तर दिवसभरात त्याला कशानेही ढकललं नाही. मागे गेलेला दिसला, तर तुझं होल्स्टर खोटं आहे आणि ती गोळी तुझ्या मांडीत गेली असती. असे बरेच दिवस काढ. मग तुझ्या मनातली धडधड आपोआप कमी होईल. माझ्या सांगण्याने होणार नाही.

परत ठेवताना घाई कधीच नाही. काढताना घाईचं कारण असू शकतं. ठेवताना कुठलंही कारण नसतं. टी-शर्टचं टोक, स्क्रबची नाडी, जॅकेटची दोरी होल्स्टरच्या तोंडाशी आली तर ती चापात शिरते आणि बोटाचं काम करते. कपडा दुसऱ्या हाताने वर धर, खाली बघ, बोट सरळ ताणून स्लाईडच्या बाजूला, आणि सावकाश. कॉलेजात एनसीसीला आमचा हवालदार .22 च्या रायफलींची तपासणी करताना "जाँच शस्त्र" म्हणायचा आणि एकेकाच्या चेंबरमध्ये असा वाकून बघायचा, जणू आत साप बसलाय. सकाळी आठची परेड, आम्हाला भूक लागलेली, समोर उसळ-पावाचा डबा, पण त्या माणसाने कधी घाई केली नाही. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. बोटं सगळ्यांची शाबूत आहेत.

आणि हे सगळं फार वाटत असेल तर एक सोपा मार्ग आहे, जो तुझ्या रेंजवरचे लोक सांगणार नाहीत कारण त्यांना तो जुनाट वाटतो. पिस्तूल विक आणि घोडा आत झाकलेलं छोटं रिव्हॉल्वर घे. पाच गोळ्या, चाप लांब आणि जड, पाच किलोच्या आसपास. स्लाईड नाही, चेंबर भरू का रिकामं ठेवू हा प्रश्नच नाही. बाजूने नुसतं बघितलं तरी चक्रात काडतुसांच्या कडा दिसतात. झटका जास्त बसतो, नेम धरायला वेळ लागतो, हे खरं. पण सकाळी घरी पोहोचलेल्या थकलेल्या माणसाला त्यात गोंधळ घालायला फार कमी वाव आहे. मी हे तुला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. सांगितलं होतं. तू म्हणालीस, मामा, ते सिनेमातल्या इन्स्पेक्टरचं वाटतं.

या आठवड्यात तुझ्या तीन रात्री आहेत, असं म्हणालीस. त्या तिन्ही रात्री पिस्तूल घरी ठेव, तिजोरीत, आणि सिक्युरिटीला फोन करून गाडीपर्यंत जा. रविवारी दुपारी दोनपर्यंत मी दुकानात आहे. येताना रिकामं पिस्तूल डब्यात, गोळ्या डिकीत, आणि ते रोज चढ-उतार केलेलं काडतूस कागदात गुंडाळून वेगळं आण. मला बघायचं आहे ते किती बसलंय. मापाला माझ्याकडे कॅलिपर आहे. येण्याआधी भरलेलं की घरी, एवढंच ठरवून ये. कारणं सांगत बसू नकोस, मी ऐकणार नाही.

ताईला म्हणावं, लोणच्याची बरणी धुऊन ठेवली आहे, घेऊन जा.

तुझा,
मामा